तुरुंग, परदेश आणि भाषांतर : कवी फैज अहमद फैज यांचे जीवन



थोरांची चरित्रे आपण बहुधा परीक्षेपुरती वाचतो. जन्म कोठे झाला, शिक्षण कोठे झाले, मृत्यू कधी झाला, एवढे पाठ केले की काम संपले असे आपल्याला वाटते. आज मी ज्या माणसाची ओळख करून देणार आहे, त्याचे चरित्र तसे वाचू नका. उर्दूचे विख्यात कवी फैज अहमद फैज यांनी आयुष्यातील चार वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला आणि उतारवयातील काही वर्षे परमुलखात काढली. कवी तुरुंगात होता तेव्हा कविता बाहेर हिंडत होती. कवी परदेशात होता तेव्हा कविता त्याच्या देशात गायली जात होती. ज्यांना उर्दूचे अक्षरही येत नव्हते अशा लोकांपर्यंत ती पोहोचली, ती भाषांतराच्या वाटेने. पालघर, बोईसर, तारापूर या आपल्या भागात घरची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी असलेली मुले शेकड्यांनी आहेत. त्यांच्यासाठी या चरित्रात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कोणी म्हणेल, हे तर पाकिस्तानचे कवी, त्यांचे आपल्याला काय? फैज जन्मले ते अखंड हिंदुस्थानात, आणि त्यांना तुरुंगात टाकले ते पाकिस्तानच्याच सरकारांनी. सत्ताधाऱ्यांना न रुचणारे लिहिणारा माणूस कोणत्याही एका देशाच्या मालकीचा नसतो.

बालपण आणि शिक्षण

फैज यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९११ रोजी पंजाबातील सियालकोट जिल्ह्यातल्या काला कादर या खेड्यात झाला. त्यांचे वडील सुलतान मुहम्मद खान हे गरीब शेतकऱ्याचे पुत्र. लहानपणी त्यांनी गुरे राखली. पण शिक्षणाची ओढ एवढी की त्या बळावर ते अफगाणिस्तानच्या अमीराच्या दरबारात मोठ्या पदावर चढले, पुढे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलगा जगप्रसिद्ध कवी झाला, त्यामागे गुरे राखता राखता शिकलेला बाप होता.

फैज यांचे शिक्षण जुन्या आणि नव्या अशा दोन्ही वळणांचे झाले. घरी कुराणशरीफ, मौलवींकडे अरबी-फारसी, आणि शाळा मिशनऱ्यांची. सियालकोटला त्यांना मौलवी मीर हसन यांच्यासारखे गुरू लाभले. हेच मीर हसन कवी इक्बाल यांचेही गुरू होते. पुढे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात फैज यांचे उच्च शिक्षण झाले. त्यांनी इंग्रजी आणि अरबी अशा दोन विषयांत एम. ए. केले. सन १९३१ मध्ये वडील वारले, घरावर कर्ज होते, आणि पूर्वीचे सुखाचे दिवस एकाएकी सरले.

सन १९३५ मध्ये अमृतसरच्या एम. ए. ओ. कॉलेजात ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले. तेथे महमूदुज्जफर आणि त्यांच्या पत्नी डॉ. रशीद जहाँ यांची संगत त्यांना लाभली. रशीद जहाँ म्हणजे अलीगढला मुलींचे महाविद्यालय स्थापन करणाऱ्या शेख अब्दुल्लांची कन्या. स्वतः डॉक्टर आणि निर्भीड लेखिका. स्वतःच्या दुःखापेक्षा जगाचे दुःख मोठे आहे, ही जाणीव फैज यांना याच संगतीत झाली. सन १९३६ मध्ये स्थापन झालेल्या प्रगतिशील लेखक संघाचे ते पंजाबातले प्रमुख कार्यकर्ते झाले. सन १९४१ मध्ये त्यांचा पहिला संग्रह ‘नक्शे फरियादी’ निघाला आणि त्याच वर्षी श्रीनगर येथे त्यांचा विवाह झाला. वधू लंडनच्या एलिस जॉर्ज. निकाह लावला काश्मीरचे नेते शेख मुहम्मद अब्दुल्ला यांनी.

लष्कर, वृत्तपत्र आणि फाळणी

सन १९४२ आपल्या पालघरकरांना वेगळे सांगायला नको. त्या साली १४ ऑगस्ट रोजी येथे झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या स्मारकावरून आपण रोज ये-जा करतो. त्याच वर्षी फैज मात्र इंग्रजांच्या लष्करात दाखल झाले आणि प्रसिद्धी खात्यात काम करू लागले. हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. हिटलर आणि जपान जिंकले तर जगात कोणाचेच स्वातंत्र्य उरणार नाही, असे त्यांचे आणि त्यांच्या साम्यवादी मित्रांचे मत होते. हे मत सर्वांना पटेल असे नाही. पण चरित्र वाचताना न पटणारी पाने फाडून टाकू नयेत. लष्करात ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले आणि नंतर राजीनामा देऊन बाहेर पडले.

सन १९४७ मध्ये ते लाहोरच्या ‘पाकिस्तान टाइम्स’ या इंग्रजी दैनिकाचे संपादक झाले. फाळणीच्या कत्तली त्यांनी जवळून पाहिल्या. स्वातंत्र्याच्या पहाटेवर त्यांनी जी कविता लिहिली तिच्यात जल्लोष नव्हता. ही पहाट डागाळलेली आहे, ज्या सकाळीसाठी आपण निघालो होतो ती अजून यायची आहे, असा तिचा भाव. त्यामुळे दोन्हीकडचे काही लोक नाराज झाले. गांधीजींची हत्या झाली तेव्हा फैज यांनी आपल्या पत्रातून त्यांना मनापासून श्रद्धांजली वाहिली. त्या दिवसांत लाहोरात बसून हे लिहायला धैर्य लागत होते.

चार वर्षांचा कारावास

९ मार्च १९५१ रोजी फैज यांना अटक झाली. लष्करातील काही अधिकाऱ्यांशी संगनमत करून सरकार उलथून टाकण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. हा खटला ‘रावळपिंडी कट’ म्हणून ओळखला जातो. आरोप सिद्ध झाल्यास फाशीही होऊ शकत होती. सुरुवातीचे तीन महिने त्यांना सरगोधा आणि लायलपूर येथील तुरुंगांत एकांतवासात ठेवले. कागद नाही, लेखणी नाही, भेटीगाठी नाहीत. त्या काळात ते चार-चार ओळींची कडवी मनातल्या मनात रचून पाठ करीत आणि पुढे कागद मिळाल्यावर त्यांनी ती उतरवून काढली.

मग सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात खटला चालला. त्यांच्याबरोबर आरोपी होते सज्जाद जहीर. हे आपल्या मुंबईला ओळखीचे. चाळिसाव्या दशकात मुंबईहून निघणाऱ्या ‘कौमी जंग’ या उर्दू साप्ताहिकाचे ते संपादक होते. सुटका झाल्यावर १९५५ मध्ये ते भारतात परत आले.

तुरुंगात असताना जुलै १९५२ मध्ये फैज यांच्यावर मोठा आघात झाला. त्यांचे थोरले बंधू तुफैल त्यांना भेटायला हैदराबादला आले आणि तेथेच हृदयविकाराने गेले. भेटीला आलेल्या भावाची मय्यत पाहण्याची वेळ आली. घरी एलिस आणि सलीमा व मुनीजा या दोन लहान मुली. एलिस यांनी ‘पाकिस्तान टाइम्स’मध्ये नोकरी धरली, मुलींना शिकवले, आणि दर काही दिवसांनी नवऱ्याला पत्र लिहिले. एका परदेशी बाईने परक्या मुलखात, कैद्याची बायको म्हणून, हा संसार चार वर्षे ओढला. फैज यांच्या कीर्तीत त्यांचा वाटा मोठा आहे.

या कारावासातून दोन संग्रह जन्मले. ‘दस्ते सबा’ १९५२ मध्ये, कवी आत असतानाच, प्रसिद्ध झाला, आणि ‘जिंदाँनामा’ सुटकेनंतर १९५६ मध्ये. शिक्षा चार वर्षांची झाली होती. एप्रिल १९५५ मध्ये ते सुटले. पण हे शेवटचे नव्हते. सन १९५८ मध्ये ताश्कंदच्या आशियाई-आफ्रिकी लेखक परिषदेहून परतल्यावर लष्करी राजवटीने त्यांना पुन्हा काही महिने डांबले.

शब्दांचे गणगोत

वाचकहो, आता थोडे थांबून या संग्रहांच्या नावांकडे पाहू. ‘नक्शे फरियादी’ यातील फरियादी म्हणजे आपल्या कोर्टातला फिर्यादी. आणि नक्श हा आपल्या नकाशाचा जवळचा नातेवाईक. ‘जिंदाँनामा’ यात जिंदाँ म्हणजे तुरुंग, आणि नामा तर राजीनामा, करारनामा, पंचनामा यांत आपण रोजच वापरतो. ‘दस्ते सबा’ म्हणजे पहाटवाऱ्याचा हात. तो दस्त आपल्या दस्तऐवजातही आहे. कैद, वकील, जामीन, अर्ज, हुकूम हे सारे शब्द मराठीने शतकांपूर्वी फारसी-अरबीतून घेतले आणि पचवले. मराठी कवी माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश तयार केला आणि उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. पुढे सेतुमाधवराव पगडी यांनी उर्दू कवींची ओळख मराठी वाचकांना करून दिली. ही वाट जुनी आहे.

पण शब्दांची ओळख फसवूही शकते. फैज यांच्या कवितेत ‘दार’ हा शब्द वारंवार येतो. मराठी मुलाला वाटेल, घराचे दार. उर्दूत त्या दारचा अर्थ फाशीचा खांब. एका भाषेत ज्यातून माणूस घरात येतो, त्याच शब्दाने दुसऱ्या भाषेत माणूस जगातून जातो. तसाच ‘रकीब’ हा शब्द. एकाच व्यक्तीवर प्रेम करणारा दुसरा माणूस, असा त्याचा अर्थ. मराठीत प्रतिस्पर्धी म्हटले की निवडणूक किंवा कबड्डीचा सामना आठवतो. फैज यांनी तर रकीबाला उद्देशून कविता लिहिली आणि त्यात त्याला शत्रू न मानता दुःखाचा सोबती मानले. एवढा अर्थ एका मराठी शब्दात कसा बसवणार? येथे भाषांतरकाराचा कस लागतो.

भाषांतर करणारे आणि भाषांतर होणारे

फैज यांना चांगले भाषांतरकार लाभले. पहिले व्हिक्टर कीर्नन. हे इंग्रज इतिहासकार स्वातंत्र्यापूर्वी काही वर्षे लाहोरात शिकवीत होते आणि फैज यांचे स्नेही होते. त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे १९५८ मध्ये दिल्लीहून निघाली, आणि वाढवलेला संग्रह युनेस्कोच्या योजनेत १९७१ मध्ये लंडनहून. त्या पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. एकाच कवितेची चार रूपे त्यात दिली आहेत: मूळ उर्दू लिपीत, तीच रोमन लिपीत, मग शब्दशः भाषांतर, आणि शेवटी काव्यरूप भाषांतर. वाचक पायरीपायरीने वर चढतो.

दुसऱ्या नाओमी लझार्ड. या अमेरिकन कवयित्री. त्यांना उर्दू येत नव्हते. सन १९७९ मध्ये होनोलुलूच्या एका परिषदेत त्यांची फैज यांच्याशी गाठ पडली आणि काम सुरू झाले. फैज शब्दशः अर्थ सांगत, त्या प्रश्न विचारीत, पुन्हा पुन्हा लिहून काढीत. त्यांचा संग्रह १९८८ मध्ये, फैज यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. पुढे १९९१ मध्ये काश्मिरी कवी आगा शाहिद अली यांनीही फैज यांना इंग्रजीत आणले.

फैज स्वतःही भाषांतरकार होते. तुर्कस्तानचे कवी नाजिम हिकमत यांच्या कविता त्यांनी उर्दूत आणल्या. नाजिम हिकमत १९३८ ते १९५० अशी बारा वर्षे सलग तुरुंगात होते; सुटल्यावर त्यांना देश सोडावा लागला, त्यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले आणि १९६३ मध्ये मॉस्कोला ते वारले. तुर्कस्तानने त्यांना नागरिकत्व परत दिले ते २००९ मध्ये, मृत्यूनंतर सेहेचाळीस वर्षांनी. एका कैद्याची कविता दुसऱ्या कैद्याने आपल्या भाषेत आणली, असे हे भाषांतर. दागिस्तानचे रसूल हमजातोव यांच्या कविताही फैज यांनी उर्दूत आणल्या. आणि आणखी एक गोष्ट. तुरुंगातून फैज यांनी पत्नीला लिहिलेली पत्रे इंग्रजीत होती. पुढे त्यांनी ती स्वतः उर्दूत उतरवली आणि १९७१ मध्ये छापली. स्वतःच्याच दुःखाचे भाषांतर करणारा असा लेखक विरळा.

बैरूतची वर्षे

सन १९६२ मध्ये फैज यांना लेनिन शांतता पुरस्कार मिळाला. थोडा काळ लंडनला राहून ते परतले आणि कराचीच्या ल्यारी या कष्टकऱ्यांच्या वस्तीतील हाजी अब्दुल्ला हारून कॉलेजचे प्राचार्य झाले. जगप्रसिद्ध झाल्यावर गरीब मुलांच्या कॉलेजात काम करणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही, हे शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

जुलै १९७७ मध्ये पाकिस्तानात जनरल झिया यांची लष्करी राजवट आली. फैज यांच्यावर पाळत बसली. सन १९७८ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी देश सोडला. आशियाई-आफ्रिकी लेखक संघाचे ‘लोटस’ हे त्रैमासिक अरबी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत निघत असे. त्याचे संपादक यूसुफ अल-सिबाई यांची त्याच वर्षी सायप्रसमध्ये हत्या झाली होती. ती जबाबदारी फैज यांनी बैरूतमध्ये राहून घेतली. भोवती लेबनॉनचे यादवी युद्ध चालू होते. पॅलेस्टिनी निर्वासितांमध्ये ते वावरले, त्यांच्या मुलांसाठी अंगाई लिहिली.

त्या दिवसांत पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद त्यांना बैरूतमध्ये भेटले. सईद यांनी ही भेट पुढे लिहून ठेवली आहे. रात्री उशिरा एका साध्याशा उपाहारगृहात फैज कविता म्हणत होते, बरोबरचे मित्र इक्बाल अहमद आणि स्वतः फैज त्यांचा अर्थ सईद यांना सांगत होते. थोड्या वेळाने भाषांतर थांबले, आणि सईद यांना त्याची उणीवही भासली नाही. घर गमावलेल्या माणसाला घर गमावलेल्या माणसाचा सूर कळला होता. पण लक्षात घ्या, सुरुवात भाषांतरानेच झाली होती.

सन १९८२ मध्ये इस्रायली फौजांनी बैरूतला वेढा घातला तेव्हा फैज यांना तेही शहर सोडावे लागले. ते मायदेशी परतले. मृत्यूच्या काही दिवस आधी ते काला कादर या आपल्या गावी जाऊन आले. २० नोव्हेंबर १९८४ रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर

परदेशात असताना, १९७९ च्या आरंभी, त्यांनी ‘हम देखेंगे’ या नावाने ओळखली जाणारी कविता लिहिली होती. तिचे मूळ शीर्षक कुराणातील अरबी शब्दांचे आहे. सन १९८६ मध्ये लाहोरात गायिका इक्बाल बानो यांनी ती हजारो लोकांपुढे गायली आणि सभागृह दुमदुमले. डिसेंबर २०१९ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी ती म्हटली, तेव्हा त्यातील काही शब्दांवरून तक्रार झाली आणि संस्थेला समिती नेमावी लागली. लष्करशहाविरुद्ध लिहिलेली कविता एका धर्माविरुद्ध आहे, असा समज काहींनी करून घेतला होता. शब्द कळले, पण त्यामागची परंपरा कळली नाही, की असे होते. उर्दू कवितेत मूर्ती, काबा, सिंहासन ही प्रतीके शतकानुशतके कोणत्या अर्थाने येतात, हे समजावून सांगणारा दुभाषी तेथे हवा होता.

आपण काय करावे

पालकहो, असे दुभाषी आपल्याच घरांत तयार होऊ शकतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले पालक आहेत, किनाऱ्यावरची पिढ्यानपिढ्यांची कोकणी मुसलमान घराणी आहेत. मुलाने घरची बोली टाकली तरच शाळेत पुढे जाईल, असे काही पालकांना वाटते. काहींना उलट वाटते की मराठीत मुरला तर मुलगा आपला राहणार नाही. वर्गात मला दोन्ही प्रकारची मुले भेटतात. पहिला मुलगा आजीशी बोलायला लाजतो, दुसरा तहसील कचेरीतला अर्ज वाचू शकत नाही. नुकसान दोघांचेही होते. अरबी, फारसी, उर्दू, पंजाबी आणि इंग्रजी अशा पाच भाषांच्या आधाराने जगलेल्या फैज यांना त्यातली एकही भाषा ओझे झाली नाही. तुरुंगात कागद काढून घेतला तेव्हा हीच पाठ केलेली शिदोरी त्यांच्याजवळ उरली.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक गृहपाठ देतो. कीर्नन यांच्या पुस्तकाची रीत घ्या. घरातील वडीलधाऱ्यांना एखादा शेर, एखादी अंगाई किंवा एखादी म्हण विचारा. वहीच्या पानाचे चार भाग करा. पहिल्यात ती मूळ लिपीत लिहा. लिपी येत नसेल तर जाणत्याकडून लिहवून घ्या. दुसऱ्यात देवनागरीत लिहा. तिसऱ्यात प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहा. चौथ्यात तुमच्या शेजारच्या मराठी मित्राला समजेल आणि आवडेल असे करून लिहा. चौथा भाग लवकर जमणार नाही. ‘दार’सारखा शब्द अडवील, ‘रकीब’सारखा शब्द छळील. तेव्हा आजीला पुन्हा विचारा, शिक्षकांना विचारा, कोश उघडा. मग ते पान त्या मित्राला वाचून दाखवा, आणि त्याच्या घरची एखादी ओवी तुमच्या भाषेत न्यायला मागून घ्या.